शिवेवरचा दगड आणि मोजणीसाहेब

मोजणीसाहेब दगड चाटून पाहायचे. हे आधीच सांगतो, कारण जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत त्यांची तीच ओळख होती. कुणी परका माणूस घर शोधत आला तर पोरं म्हणायची, "दगड चाटणारे साब का? ते पुढं, सरकीच्या दुकानाला लागून." त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, पण आपलं नाव कागदावर आलेलं त्यांना आवडत नसे. कागदावर चढलेलं नाव कधी ना कधी कचेरीत जातं, असं ते म्हणत.

हायस्कूलची चार वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. माझ्या आधी आमच्या घरात कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. आता मी हैदराबादला कॉलेजात शिकतो. आमचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं, त्यामुळे मराठीत इतकं लांब लिहिताना हात चाचपडतो. तरी हे उर्दूत लिहावंसं वाटत नाही.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. मी जन्मायच्या आधी जमिनीचा सारा ठरवायला सरकारी बंदोबस्त झाला, तेव्हा गावाच्या शिवाराची मोजणी साहेबांनीच केली होती. महिनाभर ते आमच्या ओसरीवर उतरले होते. त्या ओळखीवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला त्यांच्याकडे ठेवलं. साहेब तोवर पेन्शनीत निघाले होते. घरात बाईमाणूस नव्हतं. स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करायचो. वरणात मीठ घातलं का, हे ते दोनदा विचारत.

दोनदा ही त्यांची सवयच होती. कुलूप दोनदा ओढायचं, दिवा दोनदा विझवायचा. "एकदा मोजलं म्हणजे ऐकलं, दोनदा मोजलं म्हणजे पाहिलं," असं ते म्हणत. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुत्र्याला भीत, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भीत, आणि सरकारी मोहोर असलेल्या लिफाफ्याला तर फारच. असा लिफाफा आला की तो दोन दिवस एखाद्या दगडाखाली दाबून ठेवत. तिसऱ्या दिवशी मला म्हणत, "फोड बाबा. आणि वाईट असलं तर हळू वाच."

खोलीत भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर दगडच दगड. प्रत्येकाला चिंधी बांधलेली, चिंधीवर गावाचं नाव आणि शेताचा नंबर. हा नाद त्यांना नोकरीच्या अखेरीस लागला. राजूरच्या बाजूला मुक्काम असताना एका संध्याकाळी आभाळातून मोठा जाळ गेला आणि दुसऱ्या दिवशी एका बाईनं त्यांना लिंबाएवढा काळा दगड आणून दिला. तेव्हापासून आभाळातून पडलेला दगड, म्हणजे अशनी, कुणाला सापडला तर आणावा, असा निरोप त्यांनी खेडोपाडी धाडला होता. बाजारच्या दिवशी बायका, गाडीवान, मेंढपाळ दगड घेऊन येत. साहेब तो तळहातावर तोलत, कौलाच्या पाठीवर घासून रेघ उठते का पाहत, दोऱ्याला टांगलेल्या लोहचुंबकाजवळ नेत, आणि शेवटी जीभ लावत.

एकदा एक गाडीवान शपथेवर सांगत होता, "साब, काल आभाळातूनच पडला. म्या डोळ्यानं बघितला."

साहेबांनी जीभ लावली. "पडला खरा. पण लोहाराच्या भट्टीतून पडला."

"मंग भट्टीत कुठून आल्ता?"

साहेब हसले. मी त्यांना मोकळं हसताना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. गाडीवानाला त्यांनी चहा पाजला आणि दगडाला 'नापास' म्हणून चिंधी बांधली. माझ्या चार वर्षांत एकही दगड पास झाला नाही. पास असे आधीचे दोनच होते, आणि ते रुमालात गुंडाळून पेटीत होते.

दुसरा नाद धूमकेतूंचा. त्यासाठी त्यांच्याकडे मोजणीच्या यंत्राची जुनी पितळी नळी होती. सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे उजाडायच्या आधी ते धाब्यावर चढत, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर. शेताच्या बांधावर उभं राहावं तसे उभे राहत, हात लांब करून बोटांनी मोजत आणि वहीत लिहीत: 'कालच्या खुणेपासून दीड बोट पूर्वेस.' जवळपास सगळे धूमकेतू असे पुसट, की त्यांच्याशिवाय गल्लीत कुणाला दिसत नसत. आणि साहेब त्याबद्दल बोलतही नसत. खाली येऊन एवढंच म्हणत, "पाहुणा आहे अजून."

शेंडेनक्षत्र हा शब्द ते तोंडातून काढत नसत, त्यालाही कारण होतं. दिवस वाईट होते. शेंडेनक्षत्र दिसलं की राज्य बुडतं, असं लोक मानत. त्यामुळे कुणी ते दिसलं म्हणालं, की राज्य बुडावं असंच तो म्हणतो, असा अर्थ निघे. मी नवीन असताना पानाच्या दुकानावर बढाई मारून बसलो की आमच्या साबांना शेंडेनक्षत्र दिसतं. तिसऱ्या दिवशी चौकीवरून बोलावणं आलं. साहेबांबरोबर मीही गेलो. अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसवलं आणि मग विचारलं, "क्या बोलते फिरते तुम? राज जाने वाला है बोलके?"

साहेबांनी धोतराचा सोगा दोनदा नीट केला. ते म्हणाले, "जी नहीं हुजूर. मैं बोला, दो उंगली सरका है, बस."

"कौन सरका?"

"जी... पाहुणा."

अमीनसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सोडून दिलं. घरी दार दोनदा लावून झाल्यावर साहेब म्हणाले, "तुझ्यावर रागावलो नाही. पण तू बोललास ते तुला ठाऊक होतं का? नव्हतं. ऐकीव होतं. ऐकीव गोष्टीनं माणूस आत जातो, बाबा."

हे वाक्य त्यांनाच किती लागणार होतं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी लढाई चालू होती आणि कागद मिळत नव्हता. त्याच सुमारास पहाटे पूर्वेला एक धूमकेतू दिसू लागला, आणि हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा होता. सगळं जालना घाबरलं. साहेबांच्या वह्या संपल्या होत्या, म्हणून त्यांनी बंदोबस्ताच्या काळातल्या मोजणीच्या वह्या काढल्या आणि त्यांच्या कोऱ्या पानांवर धूमकेतू काढू लागले. एका पहाटे पान उलटताना ते थांबले. मी कंदील धरला होता. पानावर त्यांच्याच तरुणपणीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'दोन गावांच्या शिवेवर खूण म्हणून तिथलाच काळा दगड पुरला. फार जड. आकाराच्या मानाने दुप्पट वजन. दगडावर होकायंत्र ठेवून ओळ काढली. सुई थरथरते. मोजणीच्या साखळीच्या लोखंडामुळे असावे.'

वर गावाचं नाव होतं. आमचं.

"मी त्याला हात लावला होता," ते म्हणाले. "दोन माणसांनी उचलून दिला, आणि मीच पुरला." धूमकेतू काढायचा तसाच राहिला. उजाडलं, तरी ते पानच पाहत होते.

शनिवारी आम्ही बैलगाडीनं गावी गेलो. आबांना आनंद झाला. त्यांनी साहेबांना ओसरीवर जुन्याच जागी बसवलं. दगड नीट बसला आहे का, एवढंच पाहायचं आहे, असं साहेब म्हणाले. आबांनी काही न विचारता आपली पहार काढून दिली.

पहाटे आम्ही दोघं शिवेवर गेलो. धूमकेतू समोरच होता. मला तो पाहवत नव्हता. मी खाली मान घालून चालत होतो. दगड अर्धा मातीत होता, वर चुन्याचा पुसट पट्टा. साहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी होकायंत्र दगडाजवळ नेलं. सुई उत्तर सोडून गर्रकन दगडाकडे वळली. साहेब हसले. हे दुसऱ्यांदा. लहान मुलासारखे हसले, दगडाला जीभ लावली, गाल लावला. "लोखंड आहे रे! सगळा आभाळाचा! पास!"

मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बदलले.

"याच दगडावर सुई ठेवून मी ओळ काढली," ते म्हणाले. "म्हणजे ओळ तिरकी गेली. म्हाळूच्या रानात."

म्हाळू म्हणजे पलीकडच्या गावचा म्हाळू धनगर. मोजणीच्या वेळी तो ओरडून सांगत होता की ओळ चुकली, हा तुकडा माझा आहे. त्यानं भंडारा उचलून शपथ घेतली. साहेबांनी साक्ष दिली की मोजणी बराबर आहे. म्हाळूनं तरी तो तुकडा नांगरला, आणि त्याला सहा महिने कैद झाली. आमच्या गावात खोटं बोलणाऱ्याला अजून म्हणतात, "खा म्हाळूसारखी शपथ." मी स्वतः लहानपणी कितीदा म्हटलं असेल. आणि तो तुकडा आमच्याकडे आला. त्यात आबांनी विहीर खणली. विहिरीवर बागाईत झाली, बागाईतीवर माझी शाळा.

मी जे बोललो ते लिहिताना लाज वाटते. मी म्हणालो, "साहेब, दगड काढून नेऊ. दगडच नसला तर पुन्हा मोजणार कुठून? तुम्हाला तुमचा दगड मिळेल, आणि कुणाला काही कळणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पहार उचलली. ते चौकशीला भ्याले की दगडाला भुलले, सांगता येत नाही. दोघांनी मिळून माती मोकळी केली. दगड एकदा हलला.

"काय करून राह्यलात, साब?"

मागं मेंढरं उभी होती आणि मेंढरांत म्हातारा म्हाळू. कैदेतून सुटल्यापासून तो रोज पहाटे मेंढरं घेऊन त्या दगडाशी येऊन बसतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. भीतीपोटी मी ते विसरलो होतो.

साहेबांच्या हातून पहार पडली. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांचे ओठ तसे हललेही. पण ते म्हणाले, "म्हाळू, सुई चुकली होती. दगडात लोखंड आहे. तू खरं बोलत होतास."

एक कोकरू दगड हुंगू लागलं, त्याला म्हाळूनं काठीनं बाजूला केलं.

"सुई न्हाई, साब. तुम्ही चुकलात. म्या बोंबलत होतो तवा तुम्ही सुईकडं बघून राह्यला होता. एकदा माझ्याकडं बघितलं असतं तर झालं असतं."

"बरोबर आहे."

"मंग आता?"

"पुन्हा मोजू. दोन्ही गावच्या पंचांसमोर. मी सांगेन काय झालं ते."

"पेन्शन हाय न्हवं तुम्हाला?"

"आहे."

"जाईल की."

साहेबांनी होकाराची मान हलवली आणि खाली पडलेली पहार उचलून माझ्या हातात दिली.

पंचांना सांगणं सोपं गेलं नाही. दोन्ही गावचे लोक जमले, आवाज चढले, काठ्या दिसू लागल्या. शेवटी आमच्या गावच्या पाटलांनी अडवलं: शेंडेनक्षत्र डोक्यावर असताना शिवेला हात लावायचा नाही, माणसं दगावतात. यावर दोन्ही गावांचं एकमत झालं. तेव्हा साहेब म्हणाले, "तो पंधरा दिवसांत जाईल. मी मोजलं आहे." लोकांनी ते मानलं, आणि आम्ही जालन्याला परतलो. म्हाळू त्या दिवसापासून दगडाशीच राहू लागला. घोंगडी तिथंच, भाकरी तिथंच. आणि जन्मभर प्रत्येक पाहुणा एक दिवस जास्त राहावा म्हणून वाट पाहणाऱ्या साहेबांना मी धाब्यावर उभं राहून म्हणताना ऐकलं, "जा रे बाबा आता."

त्या पंधरा दिवसांत आबा एकदाच जालन्याला आले. घरात आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "साब, तुम्ही माझ्या ओसरीवर जेवलात."

साहेब म्हणाले, "हो."

"विहीर म्या खणलीय. सहा पुरुष खोल. हातानं."

"हो."

मग आबांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तू काय करून राह्यलास हितं?" आबा गेल्यावर साहेब धाब्याच्या जिन्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मी म्हणालो, अजूनही मोजणीला नाही म्हणता येईल. ते म्हणाले, "मला फार भीती वाटते. पण आधी मी एका माणसाला आत धाडलं तेव्हा मला भीती वाटली नव्हती. ते जास्त वाईट झालं."

पुढचं थोडं आत्ताच सांगून टाकतो. दगड साहेबांना मिळाला नाही. खरी ओळही त्या दगडापासूनच निघत होती, म्हणून तो पुन्हा पुरावा लागला. "तो सरकारी नोकरीत आहे, मी पेन्शनीत," असं ते म्हणत. त्यांची पेन्शन काही महिने अडली, चौकशी झाली, मोहोरेचे बरेच लिफाफे आले. ते मात्र त्यांनी त्या त्या दिवशीच फोडले. पुढच्या उन्हाळ्यात ते तापानं गेले. हैदराबादला माझी परीक्षा होती. मला निरोप उशिरा मिळाला.

पण सांगायचं आहे ते मोजणीच्या दिवसाचं. धूमकेतू साहेबांनी सांगितल्या दिवशी दिसेनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं शिवेवर आली. साहेबांनी या वेळी होकायंत्र दगडापासून दूर, दुसऱ्या टोकाला नेऊन धरलं, तिथून दगडाकडे नेम धरला आणि ओळीवर झेंड्या रोवल्या. दगडापासून ओळीवर नऊ साखळ्यांपर्यंत म्हाळूचं, त्यापुढं आमचं, असं जुन्या कागदात होतं; पहिल्या वेळी ओळच तिरकी गेल्यानं नववा खिळा म्हाळूच्या रानात पडला होता. साखळीचं मागचं टोक साहेबांनी धरलं. पुढचं टोक धरायला कुणी तयार होईना. दोन्ही गावांना एकमेकांचा भरवसा नव्हता. शेवटी म्हाळू म्हणाला, "त्या पोराला द्या. शिकलेलं हाय."

साहेबांनी मला समजावलं. मी टोक घेऊन पुढं जायचं. ते मागून "ताण?" असं ओरडतील. मी साखळी पुरती ताणायची, "बराबर!" म्हणायचं आणि तिथं खिळा ठोकायचा. बराबर म्हटल्याशिवाय ती साखळी मोजणीत धरायची नाही.

आठ साखळ्या झाल्या. नववी घेऊन मी चालू लागलो आणि समोर आमची विहीर आली. मोटेचं चाक, मोट रिती होते ते थारोळं, आबांनी रचलेले काठाचे दगड. माझी मूठ अलीकडच्या काठाशी आली. साखळीला अजून विहिरीच्या रुंदीएवढा झोल होता. तो तसाच राहू दिला असता तर खिळा विहिरीच्या अलीकडे पडला असता आणि विहीर आमची राहिली असती. पुरती ताणली तर खिळा पलीकडे जाणार होता. एका विहिरीचाच फरक होता. साहेब फार मागं होते, आणि मध्ये गवत होतं.

आबा विहिरीच्या काठाला उभे होते. माझ्याकडे न पाहता हळू म्हणाले, "लेका, हात ढिला सोड."

मागून आवाज आला, "ताण?"

घामानं साखळी हातात ओली झाली. म्हाळू कुठं उभा आहे हे पाहायचा मला धीर झाला नाही.

"ताण?" साहेबांनी पुन्हा विचारलं. आवाज फाटलेला होता. त्यांनाही ठाऊक होतं की मी कुठं उभा आहे.

मी आबांना बाजूला व्हा म्हणालो. असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. ते सरकले. मी काठाकाठानं पलीकडे गेलो, तिथल्या दगडांवर पाय रोवून साखळी ओढली, ती वर उचलली गेली, सरळ झाली, आणि मी ओरडलो, "बराबर!"

खिळा मी विहिरीच्या पलीकडे ठोकला. तीन घाव घातले. तिसरा चुकला, तो पुन्हा घालावा लागला.

सगळं उरकल्यावर आबा घराकडे निघाले. मी त्यांच्या मागं चाललो. वाट अरुंद होती, मधे आठ-दहा पावलांचं अंतर. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. ते वळतील अशी मला भीती वाटत होती, आणि घर जवळ येत चाललं तसं ते आता वळणारच नाहीत याची जास्त वाटू लागली.